एम.आर.आय. झाल्यावर पुन्हा सोनोग्राफी कशासाठी?

रविवारी विहारात वंदना आटोपली की कुणी ना कुणी कापडी पिशवीतून फाईल काढते आणि विचारते, "जरा बघता का, काय लिहिलंय यात?" या पानाचे काम पाहणाऱ्या आम्हा मंडळींना आता याची सवय झाली आहे. आम्ही रिपोर्ट पाहून औषध सांगत नाही. रिपोर्टात काय लिहिले आहे आणि डॉक्टरांना काय विचारायचे, एवढे मात्र सोप्या भाषेत सांगतो.

यकृताच्या, म्हणजे लिव्हरच्या फायलींमध्ये एक प्रश्न वारंवार येतो. आधी साधी सोनोग्राफी झालेली असते. तिच्यात गाठ दिसली म्हणून एम.आर.आय. झालेला असतो. त्यासाठी तारखेची वाट पाहिलेली असते, कामावरचे खाडे झालेले असतात, कधी उसनवारीही केलेली असते. आणि मग डॉक्टर नवी चिठ्ठी लिहून देतात : कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी करून आणा. घरच्यांचा जीव खालीवर होतो. मोठी तपासणी झाल्यावर पुन्हा लहान तपासणी कशाला? पहिली चुकली का? की पैसे काढायचे काम चालले आहे? मग कुणी ती चिठ्ठी फायलीतच ठेवून देतो, कुणी काविळीचे गावठी औषध आणायला जातो, आणि बघता बघता महिने निघून जातात.

यकृताच्या कॅन्सरमध्ये हेच महिने महाग पडतात. म्हणून या वेळी या पानावर हाच विषय घेतला आहे. ही दुसरी तपासणी काय असते, ती एम.आर.आय.च्या जोडीला का लागते, आणि कधी लागत नाही, हे नीट समजून घेऊ.

कॅन्सर कुठे होतो आणि कुणाला?

यकृत पोटात उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली असते. मोठ्या माणसात त्याचे वजन सव्वा ते दीड किलो भरते. खाल्लेल्या अन्नातले घटक वापरण्याजोगे करणे, पित्त तयार करणे, औषधे आणि विषारी पदार्थ निकामी करणे, रक्त गोठण्यासाठी लागणारे घटक बनवणे, अशी अनेक कामे ते एकट्याने करते.

यकृतात सुरू होणारा सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर यकृताच्या स्वतःच्या पेशींतून होतो. रिपोर्टात त्याला एच.सी.सी. असे लिहितात. हा कॅन्सर बहुधा निरोगी यकृतात अचानक उगवत नाही. वर्षानुवर्षे सूज येऊन, व्रण पडून यकृत कडक आणि गाठाळ झालेले असते. त्याला सिरॉसिस म्हणतात. अशा जमिनीत हा कॅन्सर रुजतो.

सिरॉसिस कशाने होतो? हिपॅटायटीस बी आणि हिपॅटायटीस सी या विषाणूंनी, दारूने, आणि मधुमेह व लठ्ठपणामुळे यकृतात साठणाऱ्या चरबीने. हिपॅटायटीस बी असलेल्या काही रुग्णांना तर सिरॉसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दारू यकृताची वैरी आहे, यात शंका नाही. पाचवे शील आपण उगाच घेत नाही. पण लिव्हर खराब झाले म्हणजे माणूस दारूडाच असणार, हा समज खोटा आहे. आयुष्यात थेंबाला न शिवलेल्या बायाबापड्यांनाही हा आजार होतो. "लोक काय म्हणतील" या भीतीने आजार लपवला जातो, आणि लपवलेला आजार वाढत जातो.

गाठ दिसली म्हणजे कॅन्सर ठरला का?

नाही. सिरॉसिसमध्ये यकृत स्वतःची डागडुजी करायला पाहते आणि त्यातून साध्या गाठी तयार होतात. त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी असतात. निरोगी माणसाच्या यकृतातही रक्तवाहिन्यांच्या गुंतवळीची एक साधी गाठ पुष्कळदा आढळते. तिला हिमँजिओमा म्हणतात. ती कॅन्सर नसते आणि बहुतेकांना तिचा काही त्रास होत नाही.

साध्या सोनोग्राफीत गाठ आहे, केवढी आहे, कुठे आहे, हे कळते. ती कोणत्या जातीची आहे हे पुष्कळदा कळत नाही. ए.एफ.पी. नावाची रक्ताची तपासणीही केली जाते, पण कॅन्सर लहान असताना ती बऱ्याच रुग्णांत सर्वसाधारण येते, आणि नुसत्या हिपॅटायटीसमध्येही ती वाढू शकते. त्यामुळे एकट्या ए.एफ.पी.वर निकाल लावता येत नाही.

मग निकाल कशावर लागतो? गाठीला रक्त कुठून मिळते यावर.

रक्ताच्या दोन लाइनी

वस्तीला पाण्याच्या दोन लाइनी असाव्यात, एक मोठी आणि एक लहान, तसे यकृताचे आहे. मोठी लाइन म्हणजे आतड्यांकडून आणि प्लीहेकडून येणारी पोर्टल शीर. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे ७५ टक्के रक्त या लाइनीतून येते. उरलेले सुमारे २५ टक्के हृदयाकडून थेट येणाऱ्या धमनीतून येते. यकृताच्या साध्या पेशी मुख्यतः मोठ्या लाइनीवर जगतात.

कॅन्सरची गाठ वाढू लागली की ती मोठी लाइन हळूहळू सोडते आणि धमनीवरून स्वतःचे वेगळे कनेक्शन ओढून घेते. हीच तिची खूण. चोरीचे कनेक्शन सापडले की चोर सापडतो.

ते सापडावे म्हणून हाताच्या शिरेतून कॉन्ट्रास्ट सोडतात. कॉन्ट्रास्ट म्हणजे चित्रात उठून दिसणारा पदार्थ. हाताच्या शिरेतून तो हृदयात जातो, फुप्फुसांतून फिरून परत हृदयात येतो आणि तिथून धमन्यांमध्ये शिरतो. यकृताच्या धमनीत तो आधी पोहोचतो. पोर्टल शिरेत यायला त्याला आतड्यांचा वळसा पडतो, म्हणून तिथे तो मागून येतो. या काही सेकंदांच्या फरकातच सगळी गोम आहे.

पहिल्या अर्ध्यापाऊण मिनिटात, कॉन्ट्रास्ट फक्त धमनीतून येत असतो तेव्हा, कॅन्सरची गाठ आजूबाजूच्या यकृतापेक्षा जास्त चमकते. मग पोर्टल शिरेतून कॉन्ट्रास्ट आला की बाकीचे यकृत भरून उजळते. गाठीला ती लाइन नसते. तिच्यातला कॉन्ट्रास्ट वाहून जातो आणि ती काळवंडलेली दिसते. याला रिपोर्टात वॉशआउट म्हणतात, म्हणजे धुऊन जाणे. आधी चमकणे आणि मग धुऊन जाणे, या दोन खुणा मिळून यकृताचा कॅन्सर ओळखला जातो.

सिरॉसिसच्या रुग्णात किंवा जुनाट हिपॅटायटीस बी असलेल्या रुग्णात या खुणा स्पष्ट दिसल्या तर सुई घालून तुकडा न काढताही कॅन्सरचे निदान करता येते. इतर बहुतेक कॅन्सरमध्ये तुकड्याच्या तपासणीवाचून, म्हणजे बायोप्सीवाचून, निदान पक्के होत नाही. यकृताचा हा कॅन्सर त्याला अपवाद आहे. मात्र ज्याला सिरॉसिस किंवा हिपॅटायटीस बी नाही, त्याच्याबाबतीत ही सवलत लागू होत नाही. तिथे बहुधा बायोप्सी करावीच लागते.

एम.आर.आय. काय पाहतो?

एम.आर.आय.मध्ये मोठ्या चुंबकाच्या साह्याने चित्रे घेतात. त्यात क्ष-किरण नसतात. गॅडोलिनियम असलेला कॉन्ट्रास्ट हातातून देतात आणि ठरावीक वेळी सगळ्या यकृताची चित्रे काढतात : धमनीच्या वेळी, पोर्टल शिरेच्या वेळी, आणि नंतर काही मिनिटांनी. आपल्याकडे अनेक ठिकाणी हेच काम आधी सी.टी. स्कॅनवर करतात. त्याला तीन टप्प्यांचा सी.टी. म्हणतात.

एम.आर.आय.चा मोठा गुण हा की त्यात सगळे यकृत एकदम दिसते. गाठी किती आहेत, कुठे कुठे आहेत, एखादी शिरेत घुसली आहे का, हे कळते. उपचार ठरवायला ही माहिती लागतेच.

पण त्याच्या अडचणीही आहेत. चित्र निघताना पंधरा-वीस सेकंद श्वास रोखून धरावा लागतो. अशक्त माणसाला, पोटात पाणी झालेल्याला ते जमत नाही. श्वास सुटला की नेमके धमनीच्या वेळचे चित्र पुसट येते आणि ती वेळ पुन्हा हाताशी येत नाही. दुसरी अडचण म्हणजे गॅडोलिनियमचा कॉन्ट्रास्ट रक्तवाहिन्यांतच राहत नाही. तो थोडाथोडा बाहेर, पेशींच्या मधल्या जागेत झिरपतो. त्यामुळे लहान गाठ धुऊन निघाली तरी चित्रात ती काळी पडलेली दिसेलच असे नाही. मग रिपोर्ट अर्धवट येतो : चमक दिसते, वॉशआउट दिसत नाही.

बुडबुड्यांची सोनोग्राफी

आता त्या दुसऱ्या चिठ्ठीकडे येऊ. कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीचे यंत्र दिसायला नेहमीच्या सोनोग्राफीसारखेच असते. फरक आहे तो शिरेतून दिल्या जाणाऱ्या द्रवात. दुधासारख्या दिसणाऱ्या या द्रवात कोट्यवधी बारीक बुडबुडे असतात. आत सल्फर हेक्झाफ्लोराइड नावाचा वायू आणि बाहेर चरबीसारख्या पदार्थाचा पातळ पापुद्रा. हे बुडबुडे तांबड्या रक्तपेशीपेक्षाही लहान असतात, म्हणून बारीकातल्या बारीक रक्तवाहिनीतून सहज जातात. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी त्यांच्यावर आदळल्या की ते थरथरतात आणि त्यांचा प्रतिध्वनी यंत्राला वेगळा ओळखू येतो.

यकृतासाठी साधारण २.४ मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या चहाच्या चमच्याएवढा द्रव देतात. त्यामागून सलाईनचे पाणी सोडतात आणि घड्याळ लावतात. पहिले मिनिटभर डॉक्टर गाठीवरून नजर हलवत नाहीत. पुढे चार ते सहा मिनिटांपर्यंत मधूनमधून पाहतात, कारण सतत ध्वनिलहरी सोडल्या तर बुडबुडे फुटून जातात. काही मिनिटांत बुडबुडे विरतात आणि त्यांतला वायू श्वासावाटे बाहेर पडतो.

या तपासणीचे तीन मोठे गुण आहेत.

पहिला, इथे सुटी चित्रे नसतात, सलग चलचित्र दिसते. एस.टी.ची वाट पाहणारा माणूस थांब्यावरून हललाच नाही तर त्याची गाडी चुकत नाही, तसेच हे आहे. गाठ कधी चमकली आणि कोणत्या सेकंदाला काळी पडू लागली, हे डोळ्यांसमोर दिसते. श्वास फार वेळ रोखावा लागत नाही.

दुसरा, बुडबुडे रक्तवाहिन्यांच्या बाहेर झिरपत नाहीत. त्यामुळे एम.आर.आय.मध्ये न दिसलेला वॉशआउट इथे पुष्कळदा दिसतो.

तिसरा, बुडबुड्यांचा भार मूत्रपिंडावर पडत नाही. ज्याचे क्रिएटिनिन वाढलेले आहे किंवा जो डायलिसिसवर आहे, त्याच्यासाठी हे फार मोलाचे आहे. पेसमेकर बसवलेल्या रुग्णाचीही ही तपासणी करता येते.

अपाय क्वचितच होतो, पण होऊच शकत नाही असे नाही. काहींना अंगावर पित्त उठते, क्वचित कुणाला जोराची ॲलर्जी येते. म्हणून ही तपासणी रुग्णालयात, इंजेक्शन-ऑक्सिजनची सोय असेल तिथेच करतात आणि नंतर अर्धा तास बसवून ठेवतात. आधी कशाची ॲलर्जी आली असेल किंवा अलीकडे हृदयाचा झटका येऊन गेला असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे.

मग एम.आर.आय. करायचाच कशाला?

हा प्रश्नही आम्हाला विचारला जातो, आणि तो रास्त आहे. याचे उत्तर असे की बुडबुड्यांची सोनोग्राफी एका वेळी एकच गाठ नीट पाहू शकते. सगळे यकृत त्या एका मिनिटात धुंडाळता येत नाही. शिवाय छातीच्या पडद्याखाली लपलेली गाठ, फार खोल गाठ, पोटातल्या गॅसआड गेलेली गाठ सोनोग्राफीला दिसतच नाही. लठ्ठ माणसात चित्र धूसर येते. आणि करणारा डॉक्टर किती तरबेज आहे, यावर बरेच अवलंबून असते.

म्हणून क्रम असा ठरला आहे : आधी सी.टी. किंवा एम.आर.आय., आणि त्यात निकाल लागला नाही तर बुडबुड्यांची सोनोग्राफी. युरोपच्या यकृततज्ज्ञांच्या संघटनेने २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत हाच क्रम दिला आहे. एम.आर.आय. सगळ्या वस्तीची पाहणी करतो, तर कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी संशयित घरासमोर उभी राहून कोण आत जाते, कोण बाहेर येते, ते पाहते. एकीने दुसरीला खोटे पाडलेले नसते. पहिलीचे अपुरे राहिलेले काम दुसरी पुरे करते.

या तपासणीवर आक्षेपही घेतले गेले होते. २०१०च्या सुमारास अमेरिकेतल्या यकृततज्ज्ञांच्या संघटनेने तिला आपल्या सूचनांतून वगळले होते. पित्तनलिकेच्या पेशींतून होणारा एक वेगळा कॅन्सर बुडबुड्यांत एच.सी.सी.सारखाच दिसू शकतो, अशी त्यांना भीती होती. त्याचा उपचार वेगळा असल्याने ही चूक परवडणारी नव्हती. पुढे लक्षात आले की दोघांत वेळेचा फरक आहे. एच.सी.सी. उशिरा, म्हणजे ६० सेकंदांनंतर, आणि हलकेच काळवंडतो. पित्तनलिकेचा कॅन्सर किंवा दुसऱ्या अवयवातून यकृतात पसरलेला कॅन्सर बहुधा ६० सेकंदांच्या आत किंवा एकदम गडद काळा पडतो. त्याची चमकही पुष्कळदा कडेने कड्यासारखी असते. हा नियम ठरल्यावर तपासणीचा भरवसा वाढला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली यकृताच्या गाठींसाठी या बुडबुड्यांना परवानगी दिली.

एक उदाहरण

समजा, वस्तीत एक मावशी आहेत. वय ५६. हिपॅटायटीस बीमुळे सिरॉसिस झालेला. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवत नाहीत. या खेपेला १.८ सेंटीमीटरची नवी गाठ दिसली. एम.आर.आय. केला. गाठ धमनीच्या वेळी चमकली, पण नंतर काळी पडली नाही. रिपोर्टात लिहून आले : एल.आर.-३.

हे आकडे समजून घेऊ. जगभरचे डॉक्टर यकृताच्या गाठींना लाय-रॅड्स नावाच्या पद्धतीने दर्जा देतात. एल.आर.-१ म्हणजे नक्की साधी गाठ. एल.आर.-२ म्हणजे बहुधा साधी. एल.आर.-३ म्हणजे मधली, सांगता येत नाही. एल.आर.-४ म्हणजे बहुधा एच.सी.सी. एल.आर.-५ म्हणजे नक्की एच.सी.सी. आणि एल.आर.-एम म्हणजे कॅन्सर असण्याची शक्यता मोठी, पण तो एच.सी.सी.च आहे असे म्हणता येत नाही. हे आकडे गाठीच्या ओळखीचे आहेत. कॅन्सरची स्टेज वेगळी असते. एल.आर.-५ वाचून "शेवटची स्टेज आली" असे कुणी समजू नये.

एल.आर.-३ आल्यावर मावशींपुढे दोन वाटा होत्या. तीन ते सहा महिने थांबून पुन्हा एम.आर.आय. करायचा, किंवा आताच बुडबुड्यांची सोनोग्राफी करून पाहायचे. त्यांनी दुसरी वाट धरली. गाठ विसाव्या सेकंदाला पूर्ण चमकली आणि दीड मिनिटानंतर हलकेच काळवंडली. या तपासणीचा दर्जा आला एल.आर.-५.

बातमी वाईटच. पण गाठ १.८ सेंटीमीटरची, एकटी, शिरेत न घुसलेली. ही शेवटची माहिती एम.आर.आय.ने दिली होती. अशा लहान गाठीवर मूळ नष्ट करणारे उपचार करता येतात : शस्त्रक्रियेने तेवढा भाग काढणे, किंवा सुई घालून उष्णतेने गाठ जाळणे. यकृत फारच खराब असेल तर यकृत प्रत्यारोपण. प्रत्यारोपणासाठी जगभर मानला जाणारा १९९६ सालचा मिलानचा नियम सांगतो की गाठ एकच असेल तर ५ सेंटीमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी असतील तर प्रत्येक ३ सेंटीमीटरपर्यंत असावी. गाठ या मर्यादेपलीकडे वाढली की वाटा एकेक करून बंद होत जातात. मग धमनीतून औषध सोडून गाठीचा रक्तपुरवठा तोडणे, गोळ्या, इंजेक्शने असे उपचार उरतात. त्यांनी आयुष्य वाढते, पण आजार मुळासकट जाणे अवघड होते.

याच्या उलटही घडते. गाठ कडेकडेने चमकून हळूहळू मध्यापर्यंत भरत गेली आणि शेवटपर्यंत काळी पडली नाही, तर ती हिमँजिओमा असल्याचे कळते आणि घरावरचे ओझे उतरते. म्हणून दुसरी तपासणी म्हणजे वाईट बातमीच असते, असे नाही.

दोन तपासण्यांचे निकाल जुळले नाहीत तर? तेव्हा यकृततज्ज्ञ, सर्जन, रेडिऑलॉजिस्ट आणि कॅन्सरतज्ज्ञ एकत्र बसून फाईल पाहतात. तरीही शंका उरली तर बायोप्सी करतात. बायोप्सीत रक्तस्रावाचा आणि सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी सांडण्याचा थोडा धोका असतो, पण गरज असेल तेव्हा ती टाळण्यात शहाणपण नाही.

तपासणीला जाण्यापूर्वी

दोन्ही तपासण्यांना काही तास उपाशी राहायला सांगतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्या दिवशी काय करायचे ते आधी विचारा.

एम.आर.आय.ला जाताना डोरले, बांगड्या, जोडवी, कमरेची साखळी घरीच काढून ठेवा. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, शरीरातला धातूचा तुकडा असेल तर सांगा. रक्तातले क्रिएटिनिन तपासून घ्या. घरी श्वास रोखून धरण्याचा सराव करा.

आधीच्या सगळ्या तपासण्यांची सी.डी. आणि रिपोर्ट बरोबर न्या. कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरला गाठ नेमकी कुठे शोधायची हे एम.आर.आय.ची चित्रे पाहूनच कळते. नुसता कागद नेला तर काम अडते.

चिठ्ठी मिळाल्यावर डॉक्टरांना हे प्रश्न बिनदिक्कत विचारा. एम.आर.आय.मध्ये नेमके काय कळले नाही? या तपासणीने उपचार बदलेल का? माझी गाठ सोनोग्राफीला दिसते का? थांबलो तर किती दिवस थांबता येईल? ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, तपासून घ्यावे, ही आपल्याला मिळालेली शिकवण आहे. ती दवाखान्यातही चालवावी. एम.आर.आय.मध्येच एल.आर.-५ स्पष्ट आला असेल तर केवळ निदानासाठी दुसरी तपासणी सहसा लागत नाही. तरीही सांगितली असेल तर कारण विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

ही तपासणी गल्लीतल्या प्रत्येक सोनोग्राफी सेंटरवर होत नाही. त्यासाठी यंत्रात खास सोय आणि डॉक्टरला प्रशिक्षण लागते. मोठ्या रुग्णालयांच्या रेडिऑलॉजी विभागात किंवा यकृत विभागात चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. आधार कार्ड आणि रेशन कार्ड घेऊन त्यांना भेटा आणि कोणती तपासणी योजनेत बसते, कोणती बसत नाही, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्या. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाचीही गाठ घ्या. मदत मागण्यात कमीपणा नाही.

गाठ होण्याआधीच

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. ज्यांना सिरॉसिस आहे, किंवा ज्यांचा हिपॅटायटीस बी जुना आहे आणि डॉक्टरांनी धोका सांगितला आहे, त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. काही दुखत नसले तरी करावी. लहान गाठ दुखत नाही. दुखेपर्यंत थांबलो तर ती मोठी झालेली असते.

हिपॅटायटीस बीची लस आहे. बाळाला पहिला डोस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत मिळायला हवा. तो मिळाला का, हे प्रसूतिगृहातच विचारा. पुढचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंट लसीत येतात. मोठ्या माणसांसाठी तीन डोस असतात. रुग्णालयात, कचऱ्यावर, गटारावर सफाईचे काम करणाऱ्या आपल्या भावाबहिणींना वापरलेली सुई टोचण्याचा धोका रोजचा आहे. त्यांनी ही लस मालकाकडे, ठेकेदाराकडे हक्काने मागावी.

हिपॅटायटीस सीला लस नाही, पण तो गोळ्यांनी बरा होतो. बहुतेकांना बारा आठवड्यांच्या गोळ्या पुरतात. हिपॅटायटीस बी सहसा मुळापासून जात नाही, पण गोळ्यांनी ताब्यात राहतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात या दोन्हींची तपासणी आणि औषधे सरकारी उपचार केंद्रांत मोफत मिळतात. घरात एकाला बी निघाला तर सगळ्यांनी तपासणी करून घ्यावी.

आणि एक. हिपॅटायटीस बी किंवा सी एका ताटात जेवल्याने, एका पेल्याने पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने पसरत नाही. तो रक्तातून, असुरक्षित सुईतून, शरीरसंबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला होतो. म्हणून दाढीचे ब्लेड आणि दात घासायचा ब्रश वेगळा ठेवा, पण रुग्णाचे ताट-पेला वेगळा ठेवू नका. वेगळे ठेवलेले ताट माणसाच्या मनावर काय घाव घालते, हे आपल्या माणसांना कुणी सांगायला नको.

तुमच्या फायलीत अशी एखादी चिठ्ठी पडून असेल तर ती आजच बाहेर काढा. तारीख पाहा. त्या तारखेनंतर महिना उलटला असेल तर उद्याच रुग्णालय गाठा. एकट्याने जायला धीर होत नसेल तर शेजारच्या ताईला, वस्तीतल्या शिकलेल्या पोराला बरोबर घ्या. आणि अडलेच काही तर रविवारी फाईल घेऊन या. आपण मिळून वाचू.